घरच्या कपड्यांची गोधडी: कात्री लावण्याआधीची तयारी

आठवण म्हणून गोधडी करायची तर पहिलं काम कपडे मागण्याचं. आजीचं इरकली लुगडं, आजोबांचं धोतर, बाबांचा सुती सदरा, बाळाचं झबलं, जे काही एकत्र आणायचं असेल ते ज्याचं त्याला विचारून घ्या. माणूस आता नसेल तर घरातल्या सगळ्यांना विचारा. दिवसकार्य झाल्यावर काही घरांत कपडे देऊन टाकतात, तर कुणाला त्यातली एखादी साडी जशीच्या तशी जपायची असते. अशा वेळी हट्ट धरू नये. फार तर पदराच्या विरुद्ध टोकाचा, आत खोचला जाणारा वीतभर तुकडा मागावा. तेवढा काढला तरी साडी नेसता येते. कपडा हातात आला की कुणाचा आणि कधीचा हे लगेच चिठ्ठीवर लिहून ती सेफ्टी पिनेनं त्याला टाचून ठेवा. कपडे एकदा धुतले गेले की कुठला कुणाचा याचा मेळ लागत नाही, आणि सांगणारं माणूस दर वेळी जवळ असतंच असं नाही.

पुण्यात हे काम गुढीपाडव्यानंतर काढावं. एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर सगळं कडकडीत वाळतं. जूनमध्ये पाऊस लागला की जाड थर आतून दमट राहतात आणि कुबट वास धरतात. हातानं शिवणार असाल तर मध्ये बरेच आठवडे जातील हे धरून चाला, म्हणजे डिसेंबरच्या थंडीत ती पांघरायला मिळेल. पांघरायला मिळणं महत्त्वाचं आहे. गोधडी कपाटात घडी घालून ठेवण्यासाठी करू नये, असं मला अगदी मनापासून वाटतं. म्हणूनच तिच्यात जाणारा प्रत्येक कपडा धुण्याला टिकणारा हवा.

निवड करताना सुती कपड्यांना पहिला मान द्या. कापड सुती आहे की नाही याची शंका असेल तर एक धागा काढून चिमट्यात धरून जाळून बघा: सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि राख राहते, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. जुनं कापड उजेडासमोर धरा. वीण विरळ दिसली, हलक्या ताणानं फाटलं, तर ते एकटं वर लावू नका. मागून मऊ सुती कापडाचा आधार द्या किंवा आतल्या थरात घाला. आतला थर दिसत नसला तरी त्या माणसाचा कपडा गोधडीत राहतोच. शाळेचा टेरिकॉटचा गणवेश मजबूत असतो, पण झिजलेल्या मलमलीला थेट जोडला तर ओढ बसून मलमल शिवणीपाशी फाटते. टी-शर्टचं होजिअरी कापड ताणतं, ते आधी सुती तुकड्यावर टाचून घ्या. जरीचे काठ अंगाला बोचतात, ते काढावेत. पैठणी किंवा कुठलंही जुनं रेशीम यात घालू नये, असं माझं मत आहे.

मग सगळं धुवा. गडद लाल, निळा, हिरवा कपडा आधी वेगळा भिजवून ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघा. फडक्याला रंग लागला तर तो सुटायचा थांबेपर्यंत धूत राहा. नवं कापड घालणार असाल तर तेही आधी भिजवून आटवून घ्या. बटणं, हुक, चेन काढा आणि इस्त्री करा.

मापाचा हिशेब कागदावर मांडा. नऊवारी लुगडं म्हणजे 27 फूट. त्याचे पावणेसात फुटांचे चार तुकडे होतात आणि दोन-दोन शेजारी जोडले की दोन माणसांच्या पांघरुणाचे दोन थर निघतात. वरचा थर, खालचा थर आणि मध्ये दोन-तीन, एवढं पुण्याच्या थंडीला पुरतं. त्याहून जास्त थर घातले तर सुई जात नाही आणि भिजलेली गोधडी उचलवत नाही. वरचे तुकडे वीतभर तरी असावेत, शिवणीसाठी चारही बाजूंनी अर्धा इंच सोडावा. कापण्याआधी सगळे कपडे जमिनीवर मांडून खुर्चीवर उभं राहून मोबाइलवर फोटो काढा. कडा आणि डोक्याकडची बाजू आधी झिजते, म्हणून तिथे दणकट कापड आणि नाजूक मध्यावर. साध्या साडीचे काठ गोटासाठी, म्हणजे गोधडीच्या कडेला लावायच्या पट्टीसाठी, राखून ठेवा.

सामानाला तुळशीबाग आणि रविवार पेठेतली बोहरी आळी पुरेशी आहे: जाड सुती दोरा, मोठ्या नेढ्याच्या सुया, अंगुस्तान, शिंप्याचा खडू, मेणाचा तुकडा, धारदार कात्री. दोरा एकाच वेळी भरपूर घ्या, नंतर तीच छटा मिळेल याची खात्री नसते.

टाचण्यासाठी हॉलमधलं सामान हलवून एक सकाळ मोकळी ठेवा आणि दोन-तीन जणांना बोलवा. थर ताणून धरायला चार हात लागतातच. कच्चे टाके मध्यापासून बाहेर घालत न्या, म्हणजे सुरकुत्या कडेला निघून जातात. पक्का धावदोरा मात्र कडेपासून आत फिरवत न्यायचा, दोन ओळींत बोटभर अंतर ठेवून. घरातल्या प्रत्येकाला, मुलांनासुद्धा, थोडे टाके घालू द्या. त्यांचे टाके वाकडे आले तरी उसवू नका.

खालच्या बाजूला एक पांढरा सुती तुकडा लावायचा आहे, तो आत्ताच बाजूला ठेवा. त्यावर चिठ्ठ्यांवरची नावं आणि साल साखळी टाक्यानं भरा. शाई धुण्यात फिकी पडते. प्रत्येक कपड्याची एक-एक चिंधी वेगळ्या कापडी पिशवीत जपा. पुढे कुठे विरलं तर ठिगळ त्याच कपड्याचं लावता येईल.