मारुती ८०० च्या मॉडेलसाठी मोठा रबरी टायर कापून लहान कसा करावा

१:२४ मापात, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्यात, मारुती ८०० घडवायला घेतली की टायरपाशी गाडी अडते. दुसऱ्या किटमधून उरलेले टायर बहुधा मोठ्या रिमचे आणि रुंद असतात. ते या चिमुकल्या गाडीला लावले तर बॉडी कितीही मन लावून रंगवलेली असो, गाडी ओळखू येत नाही. टायर कापून मापात आणता येतो, पण ब्लेड उचलण्याआधी हिशेब करायला हवा.

खऱ्या मारुतीचा टायर १४५/७० आर १२. म्हणजे रुंदी १४५ मिमी, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के, १०१.५ मिमी आणि रिम १२ इंच, ३०४.८ मिमी. एकूण व्यास ५०७.८ मिमी. सगळ्याला २४ ने भागलं की व्यास २१.२, रुंदी ६, रिम बसायचं भोक १२.७ आणि भिंत ४.२ मिमी. आता समजा हाताशी २०५/५५ आर १६ च्या मापाचा टायर आहे. त्याचा व्यास २६.३, रुंदी ८.५, भोक १६.९ आणि भिंत ४.७ मिमी. प्रत्यक्ष टायर मात्र कॅलिपरने (जाडी-व्यास मोजायच्या चिमट्यासारख्या मोजपट्टीने) मोजूनच घ्या.

टायरचा तुकडा काढून टोकं जोडली की बाहेरचा व्यास आणि आतलं भोक सारख्याच मिलिमीटरने कमी होतात, भिंत तेवढीच राहते. म्हणून कापताना भोकाचं माप धरायचं आणि बाहेरचा व्यास नंतर घासून आणायचा. बाहेरचा व्यास धरून कापलात तर भोक फार लहान होतं आणि रिम बसवताना सांधा उघडतो. इथे भोक ४.२ मिमीने कमी करायचंय. त्याला ३.१४ ने गुणलं की १३.२ मिमीचा तुकडा.

ही पद्धत भरीव टायरची. पोकळ टायर वाकवला की आत चेपतो, त्याची फक्त रुंदी कमी करावी.

आधी रुंदी. जुन्या एटीएम कार्डाची जाडी ०.७६ मिमी असते; आठ सपाट कार्डं एकावर एक ठेवली की ६.०८ मिमी होतात. त्या चवडीवर नवं ब्लेड आडवं पक्कं दाबून धरा. टायर दर्शनी बाजू खाली करून टेबलावर ठेवा आणि ब्लेडला टेकवून हळूहळू फिरवा. ब्लेडला भांडी घासायच्या साबणाचं पाणी लावा, रबर अडकत नाही. एका फेरीत आरपार जायची घाई नको. टायर बोटांनी न रेटता लाकडी ठोकळ्याने रेटा. कापलेली बाजू गाडीच्या आतल्या अंगाला जाते, त्यामुळे ती दिसत नाही.

मग टायर एका जागी काटकोनात कापून पट्टीसारखा सरळ करा, टोकापासून १३.२ मिमी मोजा आणि पुन्हा काटकोनातच कापा. हा काप जरा जरी तिरका गेला तरी टायर पिळवटतो. चारही टायरचे तुकडे शेजारी ठेवून लांबी ताडून पाहा.

साबण धुऊन, टोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडी करा. एका टोकाला फेविक्विकचा अगदी छोटा थेंब लावा आणि टोकं सपाट पृष्ठभागावर जुळवून दाबून धरा. गोंद जास्त झाला की कडक रेघ उठते. काही तास तसंच राहू द्या.

आता व्यास २२.१ मिमी आहे. टायर घट्ट बसेल अशा लाकडी दांडीवर चढवा, दांडी ड्रिलमध्ये धरा आणि डोळ्यांवर चष्मा लावून सर्वांत कमी वेगाने १८० नंबरच्या पॉलिश पेपरवर घासा. वेग वाढला की रबर तापून चिकट होतं. मधूनमधून मोजत २१.२ वर थांबा, शेवटचा हात ४०० नंबरचा. नक्षी पुसली जाते, पण बारीक दातांच्या करवतीने दोन-तीन खाचा फिरवल्या तरी या मापात पुरतं.

टायर व्हिनाइलचा असेल तर तो प्लास्टिकच्या रिमला थेट टेकू देऊ नका. त्यातलं द्रव्य झिरपून काही काळाने रिम वितळते. मध्ये पातळ अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा एक पदर द्या. चाकं बसवताना प्रत्येकाचा सांधा जमिनीकडे करून चिकटवा.