पॉलिएस्टरचे कपडे आणि उष्णता : नव्याने आलेल्यांसाठी

परदेशी येताना बहुतेक जण बॅगेत पॉलिएस्टरचे कपडे अधिक भरतात, कारण ते हलके असतात, फारसे चुरगळत नाहीत आणि लवकर वाळतात. हे सगळे खरे असले, तरी ‘या कपड्यांना काही होत नाही’ हा समज मात्र खरा नाही. इथे नव्याने आलेल्या अनेकांना मी माझ्या घरी उतरवून घेतले आहे आणि त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचा एखादा तरी चांगला कपडा पहिल्या महिन्यातच वाया गेलेला पाहिला आहे. प्रत्येक वेळी कारण एकच होते, ते म्हणजे नको तितकी उष्णता.

माझ्या हातूनही हेच घडले होते. पहिल्या मुलाखतीच्या सकाळी मी सुती कपड्यांच्या सवयीने इस्त्रीचे बटण शेवटपर्यंत फिरवले आणि ती काळ्या पँटवर टेकवली. कापड तळाला किंचित चिकटले. इस्त्री उचलली तेव्हा गुडघ्याच्या वर तिच्या टोकाच्या आकाराचा, काचेसारखा चकाकणारा आणि बोटाला कडक लागणारा ठसा उमटला होता. तो डाग आहे असे समजून मी कितीतरी दिवस तो घासत राहिले; प्रत्यक्षात तिथले धागे मऊ होऊन चपटे झाले होते व एकमेकांना चिकटले होते, आणि असे धागे कोणत्याही उपायाने पूर्ववत होत नाहीत. पँटेबरोबर तिच्या जोडीचा कोटही निकामी झाला आणि हाती पैसा नसताना नवा सूट घ्यावा लागला.

म्हणून इस्त्री हातात घेण्यापूर्वी कपड्याच्या आतली पट्टी वाचा. तिच्यावरील इस्त्रीच्या चित्रात एक ठिपका असेल तर 110 अंश सेल्सिअस, दोन असतील तर 150 आणि तीन असतील तर 200 अंश ही कमाल मर्यादा असते. पॉलिएस्टरवर सहसा एक किंवा दोन ठिपके आढळतात. कपडा उलटा करावा, वर पातळ सुती फडके पसरावे आणि इस्त्री एका जागी टेकवून न ठेवता फिरती ठेवावी.

इस्त्रीइतकेच नुकसान कपडे वाळवण्याच्या यंत्रात होते, फक्त ते लगेच दिसत नाही. पॉलिएस्टर साधारण 250 ते 260 अंशांना वितळत असले, तरी 70 ते 80 अंशांच्या आसपासच त्याचा धागा आतून सैल होऊ लागतो आणि त्या अवस्थेत पडलेली घडी कपडा थंड होताना तशीच बसते. यंत्र कपड्यांनी ठासून भरायचे, उष्णता वाढवायची आणि कपडे तासन्‌तास आतच राहू द्यायचे, अशी सवय आपली मंडळी इथे आल्यावर फार लवकर उचलतात, आणि मग न चुरगळणाऱ्या शर्टावर न जाणाऱ्या सुरकुत्या कशा पडल्या, असे विचारतात. प्रत्येक कपडा यंत्रातच वाळवण्याची इथली रीत मला आजही पटत नाही. सुती धागा हवेतला ओलावा आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के धरून ठेवतो, तर पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. त्यामुळे धुतलेला शर्ट झटकून हँगरवर लावला, तर तो घरातल्या घरातही बहुधा रात्रीत वाळतो. यंत्र वापरावेच लागले, तर सर्वांत कमी उष्णता ठेवा आणि कपडे किंचित दमट असतानाच बाहेर काढून टांगा.

धुण्याला 30 किंवा 40 अंशांचे पाणी पुरते. हा धागा पाण्याला दूर ठेवतो, पण तेलाला धरून बसतो; त्यामुळे घामातला तेलकटपणा काखेत आणि कॉलरमध्ये साचतो व धुतलेल्या कपड्यालाही अंगात घालताच वास येऊ लागतो. अशा वेळी आपल्याकडचे लोक डिटर्जंट वाढवतात. जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छता, हा समज चुकीचा आहे; नीट न खळबळलेला डिटर्जंट धाग्यांवर राहतो आणि मळ अधिकच धरतो. फॅब्रिक सॉफ्टनरचा थरही तसाच बसतो, म्हणून खेळाच्या कपड्यांना तो मुळीच लावू नये. घाम आलेला कपडा टोपलीत दाबून न ठेवता त्याच दिवशी उलटा करून धुवावा. तेलाचा डाग पडला, तर भांडी घासण्याच्या द्रव साबणाचा एक थेंब त्यावर बोटाने हलके चोळून दहा-पंधरा मिनिटे ठेवावा, मग कपडा धुवावा आणि डाग गेला आहे याची उजेडात खात्री करूनच वाळवावा. उष्णता लागल्यावर राहिलेला डाग पक्का बसतो. क्लोरीनचे ब्लीच वापरू नका.

हिवाळ्यात हीटरमुळे घरातली हवा कोरडी होते आणि स्थिर विजेमुळे हे कपडे अंगाला चिकटतात किंवा हात लावताच हलका झटका देतात. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

मानेला टोचते म्हणून अनेक जण आतली पट्टी कापून टाकतात. ती कापण्याआधी तिचा फोटो काढून ठेवा. पट्टी आधीच गेली असेल, तर इस्त्री सर्वांत कमी उष्णतेवर ठेवून प्रथम आतल्या दुमडीवर टेकवून पाहा आणि तिथले कापड चकाकले नाही, तरच पुढे जा.