परसात एकच आंबा लावायचाय? मग हे बघा
जागा एकाच कलमाची असेल तर डोळे झाकून हापूस उचलू नका, तो बहुतेक वर्षाआड धरतो आणि कापल्यावर आत साका (गरातला पांढरट, स्पंजासारखा खराब भाग) निघाला की मूड ऑफ. त्यापेक्षा रत्ना घ्या, नीलम आणि हापूसचा संकर आहे, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने 1981 मध्ये काढलेला, दरवर्षी धरतो नि साका नाही. घाटावर केसर बरा. लावताना जोडावरची (खालच्या रोपावर वरची फांदी बांधलेली असते तिथली) प्लॅस्टिकची पट्टी ब्लेडने हळूच कापून काढा, जोड मातीच्या वरच राहू दे. जोडाखालून फुटवा दिसला की लगेच खुडायचा, आमचा एक राहून गेला तर कलम सुकलं आणि खालचा रायवळच (कोयीपासून उगवलेला गावठी आंबा) वाढला, आता कैऱ्या लोणच्याला! पहिली तीन वर्षं मोहोर काढायचा, जिवावर येतं, पण काढाच.