हिमालयातली पिवळी फिंच ओळखताना या चुका टाळा

उत्तराखंडातल्या चोपता, मुनस्यारीला पहिल्यांदा पक्षी बघायला जाऊन आलेल्या आपल्याकडच्या मंडळींच्या नोंदी मी नेमाने बघतो. एक चूक काही केल्या जात नाही. पिवळं दिसलं की नाव ठोकून द्यायचं!

फिंच म्हणजे जाड चोचीचे, बिया खाणारे छोटे पक्षी. तिथं गावांच्या कडेला दिसते ती पिवळी फिंच बहुतेक वेळा यलो-ब्रेस्टेड ग्रीनफिंच. चिमणीएवढी, जेमतेम १४ सेंटिमीटर. नराचं डोकं काळपट, त्यावर पिवळी भुवई, पोट पिवळंधमक. मी मात्र छातीकडे नंतर बघतो, आधी पंख. काळपट पंखावर ठसठशीत पिवळा पट्टा नर, मादी आणि पिल्लू, तिघांनाही असतो.

एका सप्टेंबरात मुनस्यारीजवळ गटातल्या एका तरुणानं छातीवर रेघोट्या असलेला पक्षी टिपला आणि 'टिबेटन सिस्किन' (दुसरी एक पिवळसर फिंच) अशी नोंद टाकून मोकळा झाला. जेवणाच्या वेळेपर्यंत अभिनंदनं सुरू. फोटो मोठा केला तर पंखावर पिवळा पट्टा. पुढच्याच फोटोत तोच पक्षी पंख थरथरवत काळ्या डोक्याच्या नरापुढे चोच वासून बसलेला! ग्रीनफिंचचं पिल्लू होतं ते. या जातीत आईबाप गिळलेल्या बिया पुन्हा वर काढून पिल्लांना भरवतात. सिस्किन आणखी लहान, साधारण १२ सेंटिमीटरची, पंखावर असा पट्टा नसलेली, आणि ती बघायची तर हिवाळ्यात पूर्व हिमालयात, उतिसाच्या (आल्डर झाडाच्या) शेंड्यांवर. या नोंदी पुढे अभ्यासाला वापरतात. पुढचा फोटो बघण्याइतकाही धीर नसेल तर नोंद करूच नये.

आपल्या ज्वारीच्या शेतातला काळ्या डोक्याचा भारीट मनात ठेवून तिकडे बघू नका. तो मोठा, पाठ तांबूस, पंखात पिवळं नाही. लडाखमध्ये काळ्या डोक्याच्या पक्ष्याच्या कपाळावर लालभडक ठिपका दिसला तर ती फायर-फ्रंटेड सेरिन.

दुसरी चीड आणणारी गोष्ट म्हणजे मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं. विणीच्या दिवसांत तर हा निव्वळ छळ आहे, आणि ग्रीनफिंचसाठी त्याची गरजही नाही. हा पक्षी बियांवर जगतो. गावामागची भांगेची झुडपं किंवा परसातली सुकलेली सूर्यफुलं शोधायची, ऊन पाठीवर घ्यायचं आणि बसून राहायचं. थवा किणकिणत उडाला तरी मागे पळू नका. खाणं शिल्लक असेल तर तो बहुधा तिथंच परततो, आणि बिया फोडायला बसला की पंखावरचा पट्टा निवांत बघता येतो.