कुंडीलाही वापसा लागतो: पावसाळ्यात पिवळी पडणारी घरातली झाडं

श्रावणात हा प्रश्न हमखास येतो: "रोज पाणी घालतो, तरी मनीप्लांट पिवळा पडतोय." यातला 'तरी' काढून तिथे 'म्हणून' घातलं की निम्म्या कुंड्यांचं निदान होतं.

नाशकात जुलै-ऑगस्टात कधीकधी आठवडाभर धड ऊन पडत नाही. उजेड कमी झाला की पानं पाणी कमी ओढतात आणि दमट हवेत मातीही सुकत नाही. मे महिन्यात रोज लागणारा तांब्या आता मुळांना बुडवतो. मुळांना हवा मिळेना की ती कुजतात, वर पाणी चढत नाही आणि झाड मान टाकतं. आपल्याला वाटतं तहानलंय. आपण आणखी ओततो. वापसा नसताना, म्हणजे जास्तीचं पाणी निचरून मातीत हवा खेळू लागण्याआधी, रानात पाय न ठेवणारा शेतकरीही घरातल्या कुंडीपाशी हे विसरतो, हे मी पाहिलंय.

पाणी घालण्याआधी बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत घाला. माती बोटाला चिकटली तर तांब्या परत ठेवा. पीस लिली, अरेका पाम यांना वरची इंचभर माती कोरडी झाली की पाणी. स्नेक प्लांट आणि झेडझेड प्लांटला मात्र सगळी कुंडी सुकल्यावरच, मग त्याला तीन आठवडे लागले तरी चालतील.

गेल्या पावसाळ्यात मीच फसलो. पीस लिली नर्सरीच्या प्लास्टिक कुंडीसकट चिनी मातीच्या देखण्या भांड्यात ठेवली होती. पानं पिवळी पडली म्हणून उचलली, तर भांड्यात तीन बोटं पाणी आणि कांदाचाळीत सडलेल्या कांद्यासारखा वास. मुळं तपकिरी झालेली. ओढली की साल हातात यायची आणि आत नुसता दोरा उरायचा. तेवढी सगळी कात्रीने कापली, पांढरी टणक मुळं ठेवली. दोन भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत, एक भाग धुतलेली जाड वाळू असं मिश्रण करून आधीपेक्षा लहान कुंडीत लावली. नवं पान दिसेपर्यंत खत अजिबात दिलं नाही. त्याला महिना लागला. शेतातली काळी माती फुकट मिळते म्हणून कुंडीत भरू नका. ती पाणी धरून बसते.

माती वापशावर असून पानं पिवळी असतील, तर कोणतं पान ते बघा. खालचं एखादंच असेल तर वय झालंय, खुडून टाका. खालची बरीच पानं एकसारखी फिकी पडत असतील तर नत्र कमी आहे. मूठभर गांडूळखत पुरे. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, हा लोह कमी पडल्याचा पिवळेपणा. द्राक्षवाल्यांना तो सांगायला नको. बोअरचं जड पाणी सतत घातलं की कुंडीच्या काठाला पांढरा थर धरतो आणि मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. सध्या पावसाचं पाणी बादलीत धरा आणि तेच घाला. तेवढ्याने भागलं नाही तर चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं), लिटरला अर्धा ग्रॅम. बागेतलं प्रमाण कुंडीला लावू नका.

मातीवर बारीक काळ्या माश्या उडत असतील तर ओल अजून जास्तच आहे. पानाच्या बगलेत कापसासारखे पुंजके दिसले तर ती मिलीबग (पिठ्या ढेकूण) ही कीड. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने एकेक पुसून काढा आणि ती कुंडी बाकीच्यांपासून लांब ठेवा.

पिवळं झालेलं पान सहसा पुन्हा हिरवं होत नाही, तेव्हा उपाय लागू पडला की नाही हे नव्या पानावरून ओळखा. आणि पाऊस सरून ऑक्टोबरचं ऊन तापलं की कुंड्या एकदम खिडकीच्या उन्हात नेऊ नका. रोज थोडं सरकवत न्या, आणि बोट घालून बघायचं मात्र तेव्हाही सोडू नका, कारण तेव्हा पाणी कमी पडू लागतं.