पसरणी घाट साडेआठच्या आत: जुन्या गाड्यांची उन्हाळी सहल कशी काढावी

मे महिन्यात जुन्या गाड्या घेऊन घाट चढू नये, असं कोणीही शहाणा माणूस सांगेल. आपल्याकडे जुन्या गाड्यांच्या रॅली हिवाळ्यात होतात त्या काही उगाच नाहीत. पण आमच्या गटातल्या निम्म्या गाड्या आजोबांच्या नावावर आहेत, आणि नातवंडं मोकळी होतात ती एप्रिल संपताना. नातवंडं नसतील तर फियाट काढायची कुणासाठी? म्हणून आम्ही उन्हाळ्यातच जातो. पुणे, वाई, पाचगणी, मुक्काम, परत. चौदा गाड्या आणि एक मिस्त्री. आखणी आणि हिशेब माझ्याकडे असतो, कारण बाकीचे सगळे बोनेटमध्ये डोकं घालून असतात.

आधी कोण कोण येतं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. सर्वांत थोरली एक डुक्कर फियाट, पुढची दारं उलटी उघडणारी. मग दोन फियाट डिलाइट, एक अँबेसिडर, एक स्टँडर्ड हेराल्ड आणि उरलेल्या बहुतेक प्रीमियर पद्मिनी, म्हणजे फियाटच. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली काढलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातल्या. माझी 1984 ची आहे, पांढरी, हँड गिअरची, म्हणजे स्टिअरिंगजवळच्या दांड्याने गिअर बदलायची. आणि एक मारुती 800. तिला गटात घ्यायचं की नाही यावर आमच्याकडे दोन वर्षं भांडण चाललं होतं. 'मारुती कसली जुनी?' असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगितलं, की पहिली मारुती 1983 च्या डिसेंबरात रस्त्यावर आली, माझ्या पद्मिनीच्या आधी. तिच्या रेडिएटरला विजेचा पंखा असल्याने ती घाटात तापत नाही, हा तिचा खरा गुन्हा.

तयारी पंधरा दिवस आधी सुरू करा, दोन दिवस आधी नाही. दोन दिवस आधी मिस्त्रीकडे गेलात तर तो 'होऊन जाईल' म्हणतो, आणि होत नाही.

पहिलं काम रेडिएटरचं. गार इंजिनावर खालचा कॉक सोडा आणि येणारं पाणी पांढऱ्या बादलीत धरा. चहाच्या रंगाचं आलं तर दोन-तीनदा धुऊन काढलं की भागतं. विटकरी गाळ आला तर रेडिएटर उतरवून नाना पेठेत द्यायचा, टाकी उघडून नळ्यांत सळई फिरवून घ्यायची. वरून पाणी ओतल्यावर खालून धार जाड पडायला हवी; ती बारीक असेल तर नळ्या बुजल्यात असं समजा. होज पाईप बोटांनी दाबून पाहा. कडक झालेला, पिळल्यावर बारीक भेगा दाखवणारा पाईप बदला, 'अजून चालेल' म्हणू नका. क्लिपाही नव्या घ्या, जुन्या तारेच्या नकोत. फॅन बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबला की बोटाच्या जाडीएवढा आत गेला पाहिजे. त्याहून सैल असेल तर पंखा फिरतो पण ओढत नाही. आणि थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की पाण्याची वाट उघडणारी झडप. पुष्कळ मिस्त्री तो काढून फेकतात आणि 'गाडी गार राहते' म्हणतात. मी नवा बसवून घेतला, पण आधी स्वयंपाकघरात पातेल्यात उकळत्या पाण्यात टाकून तो उघडतो का ते पाहिलं. पातेलं नंतर टाकून द्यावं लागलं, ते वेगळं.

दुसरं काम पेट्रोलच्या वाटेचं. हल्ली पंपावर मिळतं त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि आपल्या गाड्यांचं रबर त्या काळचं. एसी पंपाचा, म्हणजे पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा, डायफ्राम (आतला पडदा), टाकीपासूनच्या पाइपाचे जोड, कार्बोरेटरची पॅकिंग हे सगळं फुगतं किंवा खडबडीत होतं. पंपाचं किट नवं, इथेनॉल सोसणारं घ्या, आणि एक सोबतही ठेवा. गाडी वर्षभर उभी असेल तर टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि टाकीच्या तळाला गंज धरतो. हा गंज मग भर चढावर कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो. दोन पैशांची जाळीची फिल्टर लावा, पण प्लॅस्टिकची इंजिनाला चिकटून लावू नका.

पॉइंट, कंडेन्सर, डेल्कोची टोपी, रोटर या स्पार्क देणाऱ्या भागांबद्दल सगळ्यांना ठाऊक असतं, तरी कंडेन्सर जोडीने घ्या. तो उन्हात मरतो, आणि मरायच्या आधी काही सांगत नाही. ब्रेक मात्र मिस्त्रीसमोर उभं राहून तपासा. आपल्या फियाटना चारही चाकांना ड्रम आहेत. ड्रमला आतून घासणारं लायनर किती उरलंय, सिलिंडर पाझरतोय का, ऑइल काळं झालंय का, हे डोळ्यांनी पाहायचं.

कागदांचं थोडक्यात. पंधरा वर्षं झालेल्या गाडीची दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणी करायची आणि पर्यावरण कर भरायचा. विमा आणि पीयूसी तर हवेच. ज्यांची गाडी पन्नास वर्षांपुढची आहे त्यांनी 2021 च्या नियमातल्या 'व्हिंटेज' नोंदणीला भुलण्याआधी नीट वाचावं. ती नोंदणी केली की प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांसाठीच गाडी रस्त्यावर आणता येते. रोजच्या भाजीला नाही. आमच्या डिलाइटवाल्या डॉक्टरांनी याच कारणाने ती केली नाही. ते अजून दवाखान्यात तीच नेतात.

आता सहलीच्या दिवसाकडे. वेळ हेच आमचं खरं हत्यार आहे. निघायचं पहाटे साडेचारला. पाचला नाही आणि 'निघतोच आहे' तर नाहीच. जो उशीर करेल त्याने मागून एकट्याने यायचं, त्याच्यासाठी तेरा इंजिनं ताटकळत ठेवायची नाहीत. त्या वेळी खेड शिवापूरच्या टोलनाक्याला रांग नसते. आणि रांगेत पहिल्या गिअरवर सरकणं हे जुन्या गाडीला घाटाहून वाईट.

सर्वांत हळू गाडी सर्वांत पुढे. हे माणसांना पटवायला मला तीन सहली लागल्या. डुक्कर फियाट पुढे असली की बाकीच्यांना ताशी पन्नासच्या वर जाताच येत नाही, आणि कोणाचंही इंजिन उगाच तापत नाही. वेगवान गाडी पुढे ठेवलीत तर मागचे सगळे तिला गाठायला जीव काढतात. चौदा गाड्यांची एकच माळ करू नका, चार-चारच्या टोळ्या करा, मध्ये अंतर ठेवा. ट्रकवाल्यांना ओलांडायला जागा लागते. मिस्त्री शेवटच्या गाडीत, टोचनची, म्हणजे बंद गाडी ओढायची, दोरी त्यांच्याच डिकीत. दिवे दोनदा मिचकावले तर 'थांबतोय', हात वर-खाली केला तर 'हळू'. मोबाईलवर अवलंबून राहू नका, गाडी चालवणाऱ्याने तो हातात घ्यायचा नसतो आणि घाटात रेंज जाते.

वाईला पावणेसातला पोचायचं. ढोल्या गणपतीच्या घाटावर त्या वेळी कृष्णेकडून गार वारा येतो. गाड्या सावलीत लावा, पण आंब्याखाली नको. कैरीचा चीक बोनेटवर पडला की रंगाला डाग धरतो. पोहे, चहा, मुलांचं शू-शी. अर्ध्या तासात उठायचं. इथे लोक फोटो काढायला जमतात, जुन्या आठवणी सांगायला लागतात. 'आमच्या काकांकडे हीच होती' हे वाक्य एका सकाळी वीसदा ऐकावं लागतं. गोड असतं, पण घड्याळ बघा.

मग पसरणी घाट. वाईपासून पाचगणी जेमतेम बारा किलोमीटर, पण सगळा चढ. दुसऱ्या गिअरवर, इंजिन न कण्हता चढेल एवढ्या रेसवर जा. तिसऱ्यात टाकून खेचत राहिलं की इंजिन आतून तापतं आणि पंखाही हळू फिरतो. वळणावर थांबू नका. घाट सुरू व्हायच्या आधीच थांबायच्या दोन जागा ठरवून घ्या, डोंगराच्या बाजूच्या, रुंद. गाड्यांमधले तापमानाचे काटे बहुधा मेलेले असतात. नाकावर विश्वास ठेवा. गरम पाण्याचा गोडसर वास आला की पुढच्या रुंद जागेला बाजूला घ्या.

बाजूला घेतल्यावर इंजिन लगेच बंद करू नका. थोडी रेस ठेवून दोन मिनिटं चालू द्या, बोनेट उघडा. रेडिएटरच्या टोपीला हात लावू नका. हे मी अनुभवाने सांगते. माझ्या पहिल्या सहलीत आम्ही उशिरा निघालो होतो आणि अकरा वाजता अर्ध्या घाटात पद्मिनीने वाफ सोडली. मागून येणारे लोक थांबले, जो तो सल्ला देऊ लागला. मी घाबरून फडक्याने टोपी उघडली. मनगटापासून कोपरापर्यंत भाजलं. एवढ्यावर शहाणी झाले असते तर बरं. पण वाफ ओसरल्यावर मी बाटलीतलं थंडगार पाणी घळाघळा ओतलं. फियाटचं हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, ॲल्युमिनियमचं. ते वाकलं. गॅस्केट गेलं, हेड फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, गेलं, आणि माझी सहल टोचनवर संपली. तेव्हा: निदान अर्धा तास थांबा, टोपी पहिल्या खाचेपर्यंतच फिरवून वाफ जाऊ द्या, मग इंजिन चालू ठेवून पाणी थोडं थोडं घाला. तेही गार नाही, डिकीत ठेवलेलं कोमट.

दुसरा प्रकार याहून फसवा, कारण गाडी तापलेली वाटतच नाही. वर पोचलात, टेबल लँडजवळ चहाला थांबलात, पंधरा मिनिटांनी सेल्फ मारला. गाडी सुरू झाली, दोनशे पावलं गेली आणि फुस्स. पेट्रोल आहे, स्पार्क आहे. मिस्त्री म्हणतात, 'हवा घेतलीय.' म्हणजे थांबल्यावर इंजिनाची ऊब वर चढली आणि पंपातलं व पाइपातलं पेट्रोल आतल्या आत उकळलं. वाफ पुढे ढकलता येत नाही, पंप नुसता धडधडतो. मिस्त्री काय करतात ते मी दर वर्षी तितक्याच उत्सुकतेने बघते. जुन्या धोतराचं फडकं बादलीत बुडवतात, पिळतात, पंपावर गुंडाळतात आणि त्याचं टोक कार्बोरेटरकडे जाणाऱ्या पाइपावर लपेटतात. फडक्यातून बारीक वाफ निघते. मग एक बिडी. बिडी संपली की फडकं पुन्हा ओलं करतात, पंपाखालची छोटी लिव्हर हाताने आठ-दहा वेळा मारतात, आणि 'मारा सेल्फ' म्हणतात. बिडी ते गाडीपासून वीस पावलं लांब जाऊन ओढतात, हे मुद्दाम लिहिते. थांबताक्षणी बोनेट उघडं टाकण्याची सवय लावली तर हे सगळं टळतं.

पाचगणीत गाड्या लावताना माकडांची आठवण ठेवा. त्यांना वायपरचे रबर आणि क्रोमचे आरसे फार आवडतात. आम्ही आरशांवर जुने मोजे चढवतो. दिसतं वाईट, पण आरसे शाबूत राहतात. खिडकीची काच बोटभरही उघडी नको. आत केळी असतील तर मुळीच नको.

दुपारी गाड्या हलवायच्या नाहीत. मुलांना करवंदं काढायला न्या, झोपा, पत्ते खेळा. कोणीतरी हमखास म्हणतं, 'चला, महाबळेश्वरला चक्कर मारू.' जाणाऱ्याने एसटीने जावं.

परतीचा प्रवासही सकाळीच. मेच्या संध्याकाळी वळीव गाठतो, आणि पद्मिनीचे वायपर वळवापुढे काय करणार? उतरताना ज्या गिअरवर चढलात त्याच गिअरवर या. ब्रेकवर पाय ठेवून उतरत राहिलात तर अर्ध्यात ड्रम तापतात, लायनर जळाल्याचा वास येतो आणि पेडल खाली जातं पण गाडी ऐकत नाही. तसा वास आला तर थांबा. ड्रमवर पाणी ओतू नका, नुसतं थांबा.

पैशांचं एकदाच ठरवून टाका. आम्ही माणशी नाही, गाडीमागे वर्गणी घेतो. त्यात मिस्त्रींची दोन दिवसांची मजुरी आधीच बाजूला काढतो, गाडी बिघडो न बिघडो. सुटा भाग ज्याच्या गाडीला लागला त्याने भरायचा. हे लिहून ठेवलं नव्हतं त्या वर्षी एका कंडेन्सरवरून दोन मित्र चार महिने बोलत नव्हते.

घरी पोचल्यावर प्रत्येकाने 'पोचलो' एवढं कळवायचं. शेवटचा निरोप दर वेळी मारुतीवाल्यांचा येतो. ते शिरवळला जेवायला थांबलेले असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनात पाणी किती कमी झालं ते मापून वहीत लिहा. गेल्या मेमध्ये माझ्या वहीत 'पाऊण लिटर' आहे. डॉक्टरांच्या डिलाइटने अडीच घेतलं होतं, आणि टोपी तर घट्ट होती. वॉटर पंपाचं सील गळत होतं, ते त्या आकड्यावरून सापडलं.