आमदारांच्या ऑफिसात कामाला लागताय? सोलापुरातला माझा अनुभव

राज्यशास्त्र झालं, आता एखाद्या आमदाराकडं काम करायचंय, नेमकं काय करावं लागतं, असं बरीच पोरं विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. मी सोलापुरात एका आमदारांच्या ऑफिसात तीन वर्षं होतो. साहेब उजव्या विचारांच्या पक्षाचे, आमच्याकडच्या पद्धतीनं सगळे त्यांना मालकच म्हणायचे. देवधर्म, गोरक्षण, दारूला कडक विरोध आणि सरकारनं धंदेवाल्यांच्या मागं फार लागू नये, असा एकूण त्यांचा सूर. मी काय त्या विचारांचा शंभर टक्के नाही, पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, तर म्हणाले ते राहू दे, अर्ज नीट वाचता येतो का ते सांग.

आणि खरंच, काम तेवढंच आहे ओ. समोर आलेला कागद वाचायचा आणि ठरवायचं की हे फोनवर भागतंय, पत्र द्यावं लागतंय, का विधानसभेत न्यावं लागतंय. ज्याला ही निवड जमली तो टिकला. बाकी भाषणं लिहिणं, रील बनवणं वगैरे कुणीही करतं.

सोमवारी जनता दरबार. मालक सकाळी सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन यायचे आणि तोवर ऑफिसच्या दारात चपलांचा ढीग लागलेला. कुणाचा निराधारचा पगार बंद पडलाय (संजय गांधी निराधार योजनेच्या पैशाला आमच्याकडं पगारच म्हणतात), कुणाचं दवाखान्याचं बिल, कुणाचं मीटर काढून नेलंय, आणि उन्हाळा असला की पाणी, पाणी, पाणी. उजनी एवढं ११७ टीएमसीचं धरण जिल्ह्यात असून शहरात रोज पाणी का नाही, हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारलाय की झोपेतसुद्धा उत्तर देईन. पूर्व भागातल्या म्हाताऱ्या बायका तेलुगूतच सुरू व्हायच्या, अक्कलकोटकडची माणसं कन्नडमध्ये. दोन्ही भाषा यायलाच पाहिजेत असं नाही, पण नुसतं कूर्चोंडी (तेलुगूत 'बसा') म्हणून खुर्ची पुढं केली तरी समोरच्याचा आवाज खाली येतो, हे मी कितीदा बघितलंय.

नवीन पोरांची पहिली चूक म्हणजे प्रत्येकाला शिफारसपत्र द्यायचं. लेटरहेड काढलं, आपल्या स्तरावरून उचित कार्यवाही व्हावी असं लिहिलं, सही, शिक्का, माणूस खूश. महिन्यानं तोच माणूस परत, काम आहे तिथंच. निराधारच्या केसमध्ये बऱ्याचदा उत्पन्नाचा दाखला जुना झालेला असतो नाहीतर बँक खात्याला आधार जोडलेलं नसतं, तिथं पत्राचा काय उपयोग, तहसीलमध्ये एक फोन करून नक्की कुठं अडलंय ते विचारायचं आणि त्या माणसाला कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्यायचं. पत्र दिलंच तर स्थळप्रतीवर (आपल्याकडं राहणाऱ्या प्रतीवर) पोच घ्या आणि आवक नंबर वहीत टिपा. आवक नंबर नसलेलं पत्र हे दिलेलंच नसतं असं समजायचं. दाखल्याला उशीर होत असेल तर २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, त्यात प्रत्येक सेवेला दिवस ठरवून दिलेत, मग अपील करता येतं. हे मला कामाला लागून सहा महिन्यांनी कळलं, तुम्ही आधीच वाचून घ्या.

सोमवारी रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेस. मंत्रिमंडळाची बैठक साधारण मंगळवारी असते, त्यामुळं मंत्री मुंबईत सापडतात आणि आमदारांची गर्दी मंगळवार-बुधवार. सकाळी सीएसएमटीला उतरायचं, आमदार निवासात आंघोळ, मग फायली घेऊन मंत्रालय. इथं शेरे वाचायला शिका. मंत्र्यानं अर्जावर 'तपासून नियमानुसार कार्यवाही करावी' असं लिहिलं की लोक पेढे वाटतात, प्रत्यक्षात त्याचा अर्थ फारसा काही होत नाही. 'प्रस्ताव सादर करावा' असेल तर जरा आशा आहे. शेरा कसाही असो, पुढं तो कागद कोणत्या कक्ष अधिकाऱ्याच्या टेबलावर गेला हे शोधणं तुमचं काम, मालक ते करणार नाहीत.

आता सभागृहाचं. अधिवेशनं तीन, अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपूरला. तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात ते) अधिवेशनाच्या बरंच आधी द्यावे लागतात, म्हणजे त्या काळात सोमवारची गर्दी आणि प्रश्नांचा मसुदा दोन्ही एकदम अंगावर. मी माझा पहिला प्रश्न शहराच्या पाण्यावर लिहिला आणि मोठ्या हौसेनं पाणीपुरवठा विभागाला टाकला. पण महापालिकेचा विषय नगरविकासचा. तो प्रश्न तिकडं वर्ग झाला, आणि प्रत्येक विभागाचा प्रश्नोत्तराचा वार ठरलेला असल्यानं आमचा वार हुकला तो हुकलाच. मालक काही बोलले नाहीत, नुसता चहा पुढं सरकवला, ते जास्त लागलं.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रश्नात भाषण नको. यंत्रमागाच्या वीज सवलतीवर आम्ही लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडं मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना) दिली तेव्हा मी 'सोलापूरच्या चादरीची जगभर ख्याती' असा परिच्छेदभर मजकूर लिहिला होता, मालकांनी तो सगळा खोडला. म्हणाले कारखानदाराला जाऊन विचार अडलंय कुठं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत गेलो तर कळलं की २७ अश्वशक्तीच्या आतले आणि वरचे असे दोन गट, आणि खरी भांडणं दराच्या आधी नोंदणीच्या अटीवर अडकलेली. सवलत जाहीर आहे पण नोंदणी नाही म्हणून बिलात दिसत नाही. मग तेवढंच चार ओळीत लिहिलं. कामगाराच्या मजुरीचं पण लिहूया म्हणलं तर तिथं आमचं जमलं नाही, मालकांचा कल कारखानदाराकडं, माझा नाही. असे वाद होणार, सही त्यांची आहे हे लक्षात ठेवायचं. व्हिप (मतदानाबद्दल पक्षाचा आदेश) निघाला की त्यांचंही तसंच असतं, मनात काही असलं तरी पक्षाप्रमाणं मत.

आमदार निधीबद्दल थोडक्यात. वर्षाला ५ कोटी, आणि ते आमदाराच्या हातात येत नाहीत, तो फक्त काम सुचवतो, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची. आमच्याकडं सगळ्यांना सभामंडप नाहीतर पेव्हर ब्लॉक पाहिजे. माझ्या मते निम्मे पेव्हर ब्लॉक गरजेचे नव्हते, पण मला कोण विचारतंय.

शनिवार-रविवार लग्नं आणि मयती. नियम एकच, लग्न चुकलं तर चालतं, मयत चुकवायची नाही. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत ऑफिसमध्ये कुणाला बोलवू नका, कुणी येत नाही आणि तुम्हीही नंदीध्वजांच्या मिरवणुकीतच असता.

माझी सगळ्यात मोठी चूक मात्र बाटलीची. एका वस्तीतल्या बायका देशी दारूचं दुकान बंद करा म्हणून आल्या. मालकांचा जिव्हाळ्याचा विषय, लगेच माझ्यावर सोपवला. पद्धत अशी की वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांनी मागणी करायची, राज्य उत्पादन शुल्कवाले पडताळणी करणार, मग उभी बाटली (दुकान चालू) की आडवी बाटली (दुकान बंद) असं गुप्त मतदान. मी उत्साहात चार संध्याकाळी घरोघरी फिरून सह्या गोळा केल्या, पण मतदार यादीचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक घेतलाच नाही. नंतर यादी घेऊन बसलो तर यादीत लक्ष्मीबाई, सही नुसती लक्ष्मी, त्यात एकाच गल्लीत लक्ष्मी सात. आडनावं सारखी, काहींचे नुसते अंगठे, कोणता कुणाचा काय कळणार. सगळं परत. विड्या वळता वळता एक अक्का सूप बाजूला न ठेवताच म्हणाल्या, एकदा दिली होती की सही, मालकानं हरवली का काय? मालकानं नाही अक्का, मी, असं म्हणलं तेव्हा कुठं त्यांनी हात पुसला आणि अंगठा पुढं केला. दुसऱ्या फेरीत यादी सोबत घेऊन बसलो, आधी यादीतलं नाव मोठ्यानं वाचायचं, बाई हो म्हणाली की नंबर लिहायचा, मगच सही. तीन कागद पडताळणीत टिकले तर जीव भांड्यात पडला, बाकीचे टिकायला अजून आठवडा गेला.

शिकायचं असेल तर हिवाळी अधिवेशनात नागपूरला विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठी संसदीय अभ्यासवर्ग असतो, एमए करताय तर विभागप्रमुखांच्या मागं लागून नाव घाला. विधिमंडळाच्या वेबसाइटवर जुनी कामकाजाची वृत्तं आहेत, आपल्या जिल्ह्यातल्या ११ मतदारसंघांपैकी कुणी काय विचारलं ते शोधून वाचा, पुस्तकापेक्षा लवकर कळतं. आणि पहिल्या दिवशी येताना स्टॅम्प पॅड स्वतःचं आणा, ऑफिसातलं कायम वाळलेलं असतं.